दिव्यावरची टिकली

आमच्या गाडीत एक पिवळा दिवा आहे. चाकात हवा कमी झाली की तो लागतो, असं म्हणतात. आमचा मात्र हवा व्यवस्थित असली तरी लागतो, थंडीत तर रोज सकाळी. कर्वेनगरच्या पंपावर कितीदा तपासून घेतलं, चारही चाकं ठणठणीत. सेन्सर बिघडलाय, एवढंच. पण हे आमच्या यजमानांना पटायचं ते त्यांच्या सोयीने.

माझी आई लोणी काळभोरला, भावाकडे. तिची स्मरणशक्ती हळूहळू पुसत चालली होती. भाऊ फोनवर सांगायचा, "ताई, अजून तुझं नाव घेती. लवकर येऊन जा." गुडघ्यांमुळे मला बस जमत नाही. गाडी मात्र उत्तम चालवते. पन्नाशीनंतर शिकले, आणि आईला त्याचा कोण अभिमान! साऱ्या आळीला सांगायची. दर रविवारी मी आवरून निघायचे आणि दर रविवारी तो मेला दिवा लागलेला असायचा.

"अगं, सोलापूर रोडला ट्रक काय सुसाट असतात! टायर फुटला म्हणजे? यंत्र उगाच सांगत नाही."

"अहो, कालच हवा बघितली ना."

"मग दाखवून घेऊ गॅरेजला. पुढच्या रविवारी जा."

किल्ली त्यांच्या खिशात. गाडी गॅरेजला काही गेली नाही. माणसाला आपली काळजी वाटते, असं मी स्वतःला समजावत राहिले. हिवाळा असाच सरला.

मग माझी नणंद आली, विमानाने. तिला आणायला पहाटेच निघालो तर दिवा लागलेलाच. मी बोट दाखवलं. यजमानांनी माझ्या डोक्यावरच्या झडपेतल्या छोट्या आरशावर चिकटवलेली माझी टिकली काढली आणि त्या दिव्यावर डकवली.

"सेन्सरचं काय एवढं मनावर घ्यायचं?" म्हणाले.

पुढे चार दिवस बहिणीला घेऊन जेजुरी झाली, सासवड झालं, सोलापूर रोडवरच्या कुठल्याशा लग्नालाही जाऊन आले. टायर फुटला नाही. आपला तो बाब्या, दुसरं काय! माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली की नणंदेला निरोप देताना धड हसताही आलं नाही.

त्याच दुपारी मी किल्ली मागितली नाही, घेतली. टिकलीच्या कडेने पिवळा उजेड दिसत होता. दिसू दे म्हटलं.

आई ओट्यावर बसली होती, नवं लुगडं नेसून. मी पाया पडले. पाहुणीकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि जरा सरकून जागा करून दिली.

"बसा बाई. च्या घ्या," ती म्हणाली, "पर मला लई येळ न्हाई. माझी लेक यायची हाय आज. सोता गाडी चालवत येती ती."

मग ती माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिली.