गंगाधरमामांची भाकर

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. माहितीपट दाखवून झाला की लोक प्रश्न विचारतात — कॅमेरा कुठला, किती दिवस लागले — आणि मी उत्तरं देतो. हा शेवट कसा मिळाला, हा एक प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. विचारला असता तर खरं बोललो असतो का? मला वाटत नाही.

मी लातूरचा. वडिलांचं डाळीचं दुकान होतं. तूर घेताना ते वरचा माल बघायचेच नाहीत. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ बाहेर काढायचे. वर टपोरे दाणे आणि खाली खडे, हा अनुभव त्यांना पुष्कळदा आलेला. मी दुकान सोडलं, पण तो हात माझ्याबरोबर आला. जगावेगळ्या माणसांवर छोटे माहितीपट काढायचे हा माझा धंदा, आणि गंमत बघा — त्यांतल्या एकावरही माझा विश्वास बसत नाही. धर्माबादला एक म्हातारा होता, नुसत्या वासावरून मिरची कुठल्या गावची ते सांगायचा. त्याचे डोळे बांधून मी तीनदा परीक्षा घेतली. तो तिन्ही वेळा हसत हसत पास झाला. मी ओशाळलो खरा, पण खोड काही गेली नाही.

गंगाधरमामा नांदेडजवळच्या विष्णुपुरीचे. साठी उलटलेली. धरणाच्या पाण्यात बुडालेली माणसं ते बाहेर काढायचे. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात, आणि गंगेनं नेलेलं माणूस मामाच परत मागून आणतात, असं सगळी पंचक्रोशी मानायची. त्यांची रीत ठरलेली होती. आधी घरच्यांना नाव विचारायचं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्या नावानं तीन हाका मारायच्या. मगच बुडी. आणि माणूस सापडेपर्यंत भाकर खायची नाही. सापडला, त्याच्या लोकांच्या हवाली केला, की घरी येऊन सुनेला म्हणायचे, "टाक भाकर." एकदाही रिकाम्या हातानं परत आले नाहीत म्हणे.

म्हणे! पाल चुकचुकली ती इथंच. त्यात चहाच्या टपरीवर एकानं हळूच कानात सांगितलं — म्हातारा देह आधीच हुडकून खाली दगडाला अडकवून ठेवतो, गर्दी जमली की वर काढतो. मला आणखी काय पाहिजे होतं? तळाची मूठ हाताला लागली असंच मला वाटलं.

ऐन थंडीत एका सकाळी मी घाटावर एक जुना शर्ट आणि चपलांचा जोड ठेवला. मामांना फोन केला — उदगीरहून माझ्या ओळखीचा एकजण शूटिंग बघायला आला होता, पोहायला उतरला, वर आलाच नाही. आवाजात कापरं आणलं. पोलिसांत कळवलंय, असंही ठोकून दिलं. मामा धावत आले आणि त्यांनी नाव विचारलं. नाव काय सांगायचं ते मी ठरवलंच नव्हतं. "बालाजी," मी म्हणालो. नांदेड-लातुरात बालाजी सुचायला कितीसा वेळ लागतो?

मामांनी पाण्यात उभं राहून तीन हाका मारल्या. माझा कॅमेरा चालू होता.

बेत सरळ होता. लबाड असतील तर तासाभरात सबब सांगतील — धार लागली, वाहून गेला — आणि त्यांचं पितळ उघडं पडेल. नसतील तर खरं सांगून पाय धरायचे. पण मामा सबब सांगेचनात. बुडी मारायचे, वर यायचे, धापा टाकायचे, परत बुडी. "धरणाची दारं बंद हायत. पाणी उभं हाय. जाईल कुठं?" एवढंच म्हणायचे, तेही स्वतःशी. दुपारपर्यंत त्यांचे ओठ काळेनिळे झाले.

आणि दुपारपर्यंत माझी शंका पार फिटली होती — मला कबूल करायचंय ते हे. शंका फिटल्यावरही मी गप्प बसलो. का? कारण कॅमेऱ्यात दिसत होतं ते फार देखणं होतं. कधीच न हरलेला माणूस माझ्यासमोर हरत होता. मला माझ्या माहितीपटाचा शेवट मिळाला होता, आणि दिवस मावळेपर्यंत मी तो टिपत राहिलो.

बुडालेला देह दोन-तीन दिवसांत आपसूक वर येतो, हे मामांइतकं कुणाला ठाऊक? आठवडा गेला. आता त्यांना संशय येणार, या धास्तीनं फोन वाजला की मी आधी नाव बघायचो. शेवटी आला फोन. "साहेब, नाव तेच हाय ना? घरी दुसऱ्या नावानं हाक मारत असतील, तर त्यो ओ कसा देईल?"

त्यांनी नावावर संशय घेतला. स्वतःच्या वयावर घेतला. माझ्यावर घेतला नाही. निदान तेव्हा तरी सांगायचं ना? मी म्हणालो, "घरी पिंटू म्हणायचे, मामा."

हो — दुसरंही नाव दिलं मी.

माहितीपट गाजला, बक्षीस मिळालं. शेवट बघून लोक डोळे पुसतात. मी मागं दाराशी उभा राहून एकेकाचा चेहरा न्याहाळतो, कुणाला कळलं तर नाही ना, म्हणून.

मागच्या महिन्यात, सहा वर्षांनी, मामांकडे गेलो. खरं सांगायलाच निघालो होतो, असं मी स्वतःला बजावलं होतं. आता माझा त्यावरही विश्वास नाही. सुनेनं आम्हा दोघांची ताटं वाढली. माझ्या ताटात ज्वारीची गरम भाकर, पिठलं, ठेचा. मामांच्या ताटात भात. मी विचारलं नव्हतं, तरी तीच म्हणाली, "त्या बालाजीपासून भाकर सोडली बघा त्यांनी. बाकीची माणसं काढतात अजून, पण त्यो एक ऱ्हायला ना. लई सांगून बघितलं, ऐकत न्हाईत."

मामा मान खाली घालून भात कालवत होते. वर न बघताच म्हणाले, "साहेब, त्याच्या मायनं माझ्यावर राग तर न्हाई ना धरला?"

"नाही मामा," मी म्हणालो. आणि दोन भाकरी खाल्ल्या.