समजला नाई

देवळीच्या सेंटभाऊंना एखादा सेंट आवडला, की ते म्हणत, "समजला नाई." नाही आवडला, की म्हणत, "समजला," आणि झाकण लावून बाटली बाजूला सारत. ही उलटी रीत अंगवळणी पडायला मला बरेच दिवस लागले, आणि ती अंगवळणी पडली म्हणूनच शेवटी माझी गफलत झाली. झाली का, हेही मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही.

बाजारात त्यांचं कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, रिबिनी, दाढीच्या ब्लेडा, कुलपं. तरुणपणी त्यांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी पुरुषांचे भारी विलायती सेंट मागवले, कोट-सूट शिवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांचे. देवळीत माणूस कोट घालतो तो स्वतःच्या लग्नात. हे सेंट घेणार कोण? बाटल्या काचेच्या कपाटात तशाच राहिल्या. पुढे कंपन्यांनी एकेका सेंटची कृती बदलली, जुना माल दुर्मिळ झाला, आणि भाऊंच्या न खपलेल्या बाटल्यांसाठी कुठून कुठून शौकिनांचे फोन यायला लागले. भाऊंनी एकही बाटली विकली नाही. "तवा कोनी घेतली नाई, आता मी देत नाई," म्हणाले. ही कसली दुकानदारी, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

मी वर्ध्याला कॉलेजात शिकवतो. रविवारी देवळीला जायचो आणि भाऊंचं सेंटचं परीक्षण मोबाइलवर चित्रित करून इंटरनेटवर टाकायचो. परीक्षणाची त्यांची पद्धतही जगावेगळी होती. शौकीन लोक कागदाच्या पट्टीवर सेंट फवारून हुंगतात. भाऊ कापसावर घ्यायचे, आणि तोही औषधाच्या दुकानातला पांढराशुभ्र नव्हे. कापूस निघाला की बाजारात येणाऱ्या एखाद्या गाडीतून मूठभर मागून आणायचे, स्वतः सरकी काढायचे आणि डब्यात भरून ठेवायचे. त्याचा फाया करून कानात ठेवायचा आणि तासभर गिऱ्हाइकं करायची. मग बोलायचं. "सेंट पयल्यांदा खोटंच बोलते, मास्तर. त्याले जरा बसू द्या."

बसलेल्या सेंटबद्दल ते जे बोलत, ते ऐकून मी पार गोंधळून जाई. "हा न्हाव्याच्या दुकानातून निंघाला अन् कुटाराच्या ढिगावर जाऊन झोपला." कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा; पण हे बरं की वाईट? "पुढचं नाई समजलं," असं ते डोळे मिटून म्हणाले, की मी ओळखायचो, बाटली पास. पुण्याच्या एका माणसाने व्हिडिओखाली लिहिलं, "काका, काहीच समजलं नाही. घ्यावा की घेऊ नये?" भाऊ इतके खूश झाले की शेजारच्या दुकानदाराला बोलावून त्यांनी ते वाचून दाखवलं. "पाह्य, पुन्याच्याले बी नाई समजला!"

वहिनींना मात्र सगळं तत्काळ समजत असे. दुकानामागेच घर. भाऊंनी फाया पुढे केला, की त्या चहा गाळता गाळता निकाल द्यायच्या. "समजला. न्हानीतला साबन." "समजला. ट्रंकेतली डांबरगोळी." भाऊ कपाळावर हात मारून घेत. "इतक्या वर्साच्या संसारात इले एक सेंट अडला नाई," अशी त्यांची माझ्याकडे तक्रार असायची. वहिनींना एकदा तरी अडवेल असा सेंट सापडावा, हा त्यांचा ध्यासच होता.

त्यासाठी त्यांना हवी होती एक हिरवी बाटली. त्यांच्या कपाटातून बाहेर गेलेली ती एकच. सेलूच्या मेहुण्याला त्यांनी ती लग्नात भेट दिली आणि त्या पठ्ठ्याने वरातीतच दोस्तांच्या अंगावर उडवून संपवली. त्याच नावाची नवी बाटली मी आणून दिली, तर भाऊंनी ती दोन मिनिटांत बाजूला सारली. "समजला. याच्यातलं शेवाळ काढून घेतलं." ते खरं होतं. जुन्या सेंटांत एका विलायती झाडावरच्या शेवाळाचा अर्क असे; कातडीला त्रास होतो म्हणून पुढे त्यावर बंधनं आली.

गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या एका शौकिनाने मला ती जुनी हिरवी बाटली दिली, अर्धी भरलेली. मी नाचतच देवळी गाठली. भाऊंनी फाया केला, कानात ठेवला. गिऱ्हाईक आलं, गेलं. त्यांनी फाया काढून नाकाशी धरला. पुन्हा धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, मले काईच समजून राह्यलं नाई."

काईच! एवढी तारीफ मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. माझे डोळे भरून आले. त्यांचेही भरले होते. मी ते जसंच्या तसं टाकलं आणि खाली लिहिलं, सेंटभाऊंचा आजवरचा सर्वात आवडता सेंट. लोकांनी अभिनंदनाचा पाऊस पाडला.

होळीनंतर भाऊ गेले. छाती दुखते म्हणाले आणि वर्ध्याला नेईपर्यंत संपलं. तेरवी झाल्यावर मी भेटायला गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि सहज बोलावं तसं बोलल्या, "दिवाळीतल्या तापापासून त्याइले वासच येत नोयता, भाऊजी. बाजूले वरन-भात जळून जाये, पत्ता नाई. तुमाले सांगू देल्लं नाई मले."

म्हणजे त्या दिवशी भाऊ तारीफ करत होते, की साधं, शब्दाला शब्द खरं मला सांगत होते? डोळे कशाने भरले होते? आणि मी काय लिहून बसलो?

वहिनींनी कापसाचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. वर हिरवी बाटली होती, तळाला थेंबभर उरलेली. "रोज सकाळी याचाच फाया लावत, अन् मंग दुकान उघडत," त्या म्हणाल्या. "अन् एक माह्या कानात ठेवत. इचारत काई नोयते. म्या बी काई सांगतलं नाई."

"कसा होता वास?" मी विचारलं.

वहिनींनी पदराने बाटली पुसली. म्हणाल्या, "मले समजला नाई."