मांडीवरची थाप

मुलाखत घ्यायला आलेली माणसं मला एक प्रश्न हमखास विचारतात, आणि त्याचं उत्तर मी आजवर अर्धंच देत आलोय. उरलेलं अर्धं बायकोला ठाऊक नाही, पोरांना नाही. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? — माहीत नाही. तुम्ही दाजींना ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

प्रश्न असा असतो : इतकी निरनिराळी माणसं तुम्ही आणता कुठून?

माणसं लय केली मी, हे खरं. हवालदार, मुनीम, भटजी, डॉक्टर, खिसेकापू, नायकाचा बाप, नायिकेचा बाप. सत्तरच्या दशकात तर सकाळी एका स्टुडिओत मरायचं आणि दुपारी दुसऱ्या स्टुडिओत कुणाचं तरी लग्न लावायचं, असं चाललं होतं. पोस्टरवर माझा चेहरा कधी नसायचा, पण पडद्यावर आलो की लोक सावरून बसायचे. मग मी मुलाखतीत सांगतो — खिसेकापूची बोटं आमच्या ताडकळसच्या बाजारातल्या कासाराची. मुनिमाचं खाकरणं झरीच्या एका आडत्याचं. लोक हसतात, लिहून घेतात.

एकाचं मात्र सांगत नाही. ज्यानं मला नाव मिळवून दिलं, त्याचं. तो अडखळत बोलणारा कारकून तुम्ही पाहिला असेल. शब्द घशात अडकतो, तो मांडीवर थाप मारतो, शब्द बाहेर पडतो आणि थेटर हसतं. तो कुठून आणला, असं विचारलं की मी म्हणतो — सुचला.

असं काही सुचत नसतं हो.

ते माझे दाजी होते. थोरल्या बहिणीचे यजमान. परभणीत एका सरकारी कचेरीत कारकून. कॉलेजची चार वर्षं मी त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात राहिलो, त्यांच्या ताटाला ताट लावून जेवलो. जन्मापासून त्यांची जीभ अडायची. म आणि ब तर फारच. मग उजवा हात मांडीवर पडायचा — हळूच, कुणाला दिसू नये असा — आणि शब्द सुटायचा. घरात आम्हाला त्याचं काही वाटत नसे. पौर्णिमेला विहारात ते वंदना घ्यायचे, तेव्हा एक अक्षर अडत नसे. सुरात म्हटलं की जीभ मोकळी व्हायची त्यांची. आणि जयंतीच्या दिवशी दहा मिनिटं भाषण करायचे. त्याची तयारी महिनाभर चालायची. शब्द अडला की सगळी वस्ती थांबायची. कुणी पुरवून द्यायचं नाही, कुणी खाकरायचं नाही.

मुंबईला मी गेलो तेही दाजींमुळेच. नाटकात काम करतो हे कळल्यावर आमचे बाबा ताडकळसहून तावातावानं आले होते — पोरगं शिकून मास्तर होईल म्हणलं, तर नाच्या व्हायलाय! ते नाही म्हणायलाच आले होते. दाजी त्यांच्यापुढं बसले आणि म्हणाले, "ब... बाबा, प... पोराला ज... जाऊ द्या. म... मी हाय." या एवढ्याला किती वेळ लागला असेल! पण असा झगडणारा माणूस बोलत असताना त्याला तोडायचं कसं? बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आणि ऐकता ऐकता त्यांचा राग ओसरला. मी समोर होतो. मी पाहिलंय.

त्याच्या आधीची एक गोष्ट आहे. एका रविवारी आम्ही दोघंच येलदरीचं धरण बघायला गेलो होतो. भिंतीवर बसून शेंगा खाताना दाजी आपणहून बोलायला लागले. पहिलीत असताना मास्तरांनी नाव विचारलं होतं. यांना सांगता येईना. शाळा सुटेपर्यंत उभं केलं. सगळी पोरं हसत होती, आणि चड्डी ओली झाली. घरी आल्यावर आई म्हणाली, "अरे, बैल अडला तर आपुन त्याला शिव्या देतो का? पाठीवर थाप मारतो. तशी मारत जा." तेव्हापासून ती थाप.

"हे तुझ्या ताईला ब... बी म... म्हाईत न्हाई, किसन," ते म्हणाले होते.

आता पुढचं सांगायला हवं.

मुंबईत चार-पाच वर्षं गर्दीत उभा राहिल्यावर मला एका सिनेमात कारकुनाचं काम मिळालं. प्रसंग दोनच होते, तेही कोरडे. तालमीत मी अडखळलो आणि मांडीवर थाप मारली. लाइटवाल्यांपासून सगळे खो खो हसले. दिग्दर्शक तेवढा हसला नाही. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कुणाचं आहे? ओळखीच्या माणसाचं असेल तर नको करूस."

असं विचारणारा माणूस त्या धंद्यात पुन्हा भेटला नाही मला. मी काय म्हणालो? — "कुणाचंच नाही, साहेब. माझंच आहे."

दोन प्रसंगांचे सात झाले.

दाजी आठवले नाहीत, असं नाही. आठवले ना! मी मनाला सांगितलं, सिनेमा परभणीपर्यंत पोचणारच नाही. मग सांगितलं, पोचला तर दाजी हसतील. माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो!

सिनेमा पोचला. दाजी पहिल्याच दिवशी ताईला आणि कचेरीतल्या सगळ्यांना घेऊन गेले — मेहुण्याचं काम दाखवायला. ताईनं मला पुढं सांगितलं : मी पडद्यावर आलो तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग थाप आली. थेटर हसलं. त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत ते उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून कचेरीत कुणी चहा मागताना थाप मारी, कुणी सही मागताना. बाजारात पोरं मारीत. आणि जयंतीला दाजी बोलायला उभे राहिले, पहिलाच शब्द अडला, तेव्हा मागून एक थाप वाजली. कुणी वाईट मनानं मारली नसेल. पण मग दहा वाजल्या. दाजींनी हात जोडले आणि ते खाली बसले. पुन्हा ते बोलायला कधी उभे राहिले नाहीत. पौर्णिमेची वंदनाही त्यांनी दुसऱ्याकडं दिली.

त्याच वर्षी परभणीत माझा सत्कार झाला. ताईच्या घरी जेवायला बसलो होतो. दाजी शेजारी. वाढता वाढता ताईनं सरळ विचारलं, "खरं सांग किसन, तू ह्यांचंच केलंस ना रे?"

दाजी ताटाकडं बघत होते.

"न्हाई गं ताई," मी म्हणालो. "ते दिग्दर्शकाचं हाय. त्याच्या वळखीचा कुणी होता मुंबईत. मी न्हाई म्हणत होतो, त्यानं करायला लावलं."

दाजींनी मान वर केली. चेहरा उजळला होता त्यांचा. "म... मी म्हणलं नव्हतं का?" ते ताईला म्हणाले, आणि माझ्या ताटात स्वतः भाकरी वाढली. मी ती खाल्ली.

तुम्हाला वाटेल, कबूल करायचं होतं ते एवढंच. मलाही इथंच थांबता आलं असतं. पण नाही.

मुंबईला परतलो तर एक निर्माता वाट बघत होता — तोच कारकून हवा, पण नवं काहीतरी घालून. आता मला सगळं माहीत होतं. जयंतीचं माहीत होतं, मांडीखाली दाबलेला हात माहीत होता. तरी मी हो म्हणालो. आणि नवं काय घालायचं, तेही मीच सुचवलं — या कारकुनाला लहानपणी शाळेत नाव सांगता येत नाही, मास्तर शाळा सुटेपर्यंत उभं करतो, चड्डी ओली होते. लोक पोट धरधरून हसले. त्या कामानं मला पुढची दहा वर्षं दिली.

ती गोष्ट दाजींनी जगात मला एकट्यालाच सांगितली होती.

ताईचं पत्र आलं. एरवीसारखंच — पाऊसपाणी, पोरांची शाळा. शेवटी लिहिलं होतं, "हे तुझा नवा सिनेमा एकटेच जाऊन पाहून आले. कसा हाय विचारलं, तर म्हणले, किसननं चांगलं काम केलंय."

त्यानंतर किती वेळा भेटलो आम्ही. माझ्या लग्नात भेटलो, बाबा गेले तेव्हा भेटलो. दर वेळी वाटायचं, आज विचारतील. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पूर्वीसारखेच जवळ घ्यायचे, तब्येत विचारायचे. बोलणं तेवढं कमी केलं होतं.

दाजी गेले तेव्हा मी शूटिंग सोडून परभणीला गेलो. कचेरीतले एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "आमी लय चेष्टा केली त्यांची तुमच्या त्या कामावरून. पण अखेरपर्यंत एकच सांगायचे बघा. म्हणायचे, ते माझं न्हाई, माझा मेहुणा असं करणार न्हाई."

ताई समोर बसली होती. माझ्याकडंच बघत होती.

मी म्हणालो, "बरोबर हाय त्यांचं."