‘काहून’ला बंदी

रामटेके मॅडमच्या वर्गात ‘का’ या शब्दाला बंदी होती, आणि आपल्या नागपुरी ‘काहून’ला तर जास्तच. आम्ही तीसेक न्यायाधीश, दिवसभर उंच खुर्चीवर बसून जगाला ‘का’ विचारणारे. पण इथे कुणाच्या तोंडून तो निसटला की मॅडम हातातली पेन्सिल टेबलावर आपटत आणि म्हणत, “खोडा. पुन्हा विचारा.”

त्या प्रशिक्षणाला मी नाखुशीनेच गेलो होतो. विषय होता स्त्री-पुरुष भेदभाव आणि मानवी हक्कांचा कायदा. आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचा नव्या न्यायाधीशाचा एक काळ असतो, माझा तो ऐन भरात होता. समोर उभ्या राहिल्या त्या एक ठेंगण्या निवृत्त जिल्हा न्यायाधीश, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. लकडगंजच्या लाकडाच्या वखारीत हमाली करणाऱ्या बापाची ही मुलगी, हे मला मागाहून कळलं. स्त्रियांच्या हक्कांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराची कलमं त्यांना तोंडपाठ होती, पण ती म्हणून दाखवायचा सोस नव्हता. “दिल्लीनं सही करून ठेवली,” त्या म्हणायच्या. “तो कागद खापरखेड्यापर्यंत पोचवायचं काम आपलं. पोस्टमनच साहेब होऊन बसला तं चिठ्ठी पोचत नाही.”

पहिल्याच दिवशी त्यांनी नावं झाकलेला एक जुना निकाल वाटला. खापरखेड्याच्या एका खानावळीत काम करणाऱ्या बाईने मुकादमावर विनयभंगाची तक्रार केली होती, पण आठ महिन्यांनी. कोर्टाने तिला विचारलं, एवढे दिवस गप्प का बसलीस? पुढे नोंद होती, ‘साक्षीदार निरुत्तर’. मुकादम सुटला.

“निकालात चूक काय आहे?” मॅडमनी विचारलं.

मी हात वर केला. “काहीच नाही. उशीर का झाला, हे विचारायलाच हवं.”

पेन्सिल आपटली. “घाटे, अपघाताच्या दाव्यात माणूस वर्षानं येते. तेव्हा तू लिहितोस, बिचारा दवाखान्यात होता. बाई उशिरा आली की लिहितोस, कोणीतरी शिकवून पाठवलं. उशीर तोच, कायदा तोच. मग फरक कशाचा केला गा तू?”

मी हात खाली घेतला. गेल्याच महिन्यात मी अगदी तसाच एक निकाल लिहिला होता. मॅडम पिशवीत कागद भरत म्हणाल्या, “लाजू नको. हा निकाल माझा आहे.”

पुढची हकीकत त्यांनी चहाच्या सुट्टीत सांगितली. निकालानंतर कित्येक वर्षांनी मॅडम खापरखेड्याला बायकांना हक्कांच्या कायद्याची माहिती द्यायला गेल्या, तर तीच बाई उठून उभी राहिली. सुमन तिचं नाव. म्हणाली, “तुम्ही मले काहून इचारलं, मॅडम. काय झालं ते इचारलं असतं तं सांगतलं असतं.” तिची धाकटी बहीण त्याच खानावळीत, त्याच मुकादमाच्या हाताखाली होती. सुमन तोंड उघडती तर त्याने बहिणीला गाठलं असतं. तिचं लग्न होऊन ती तिथून सुटेपर्यंत सुमन थांबली. आणि साक्षीच्या दिवशी बहिणीच्या सासरची माणसं मागच्या बाकावर बसली होती; त्यांच्यादेखत ‘का’चं उत्तर देणं म्हणजे बहिणीचं नाव घेणं.

“काहून म्हटलं की आरोप होते,” मॅडम म्हणाल्या. “पुढं काय झालं म्हटलं की माणूस बोलते.”

तेव्हापासून त्या अधूनमधून सुमनकडे जात. तिने माफ केलं का, असं मी एकदा विचारलं. “माफी नाही दिली,” त्या म्हणाल्या. “चहा देते.”

पुढे कोर्ट सांभाळून मी त्यांच्या वर्गांत मदतनीस झालो. कागद वाटणं, खुर्च्या मोजणं, घरी सोडणं. निवृत्त माणसाला काय काम, म्हणून त्या स्वतःची थट्टा करत, पण वर्गाला कधी एक मिनिट उशीर नाही. शेवटच्या बॅचला मात्र त्या मध्येच खाली बसायच्या. “गर्मी आहे,” म्हणायच्या. मी पंखा वाढवायचो. एवढा मी हुशार.

बॅच संपली आणि हुडकेश्वरच्या त्यांच्या घरून भाचीचा फोन आला. पोटात गाठ होती, आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं. मी पोचलो तेव्हा अंथरुणावर मूठभर बाई उरली होती. कोर्टात मी शुद्ध बोलतो, पण त्या क्षणी माझ्या आईचा शब्द बाहेर पडला. “मॅडम, काहून नाही सांगितलं?”

हातात पेन्सिल नव्हती. दोन बोटं चादरीवर आपटली. “खोड.”

मी डोळे पुसले. “पुढं काय झालं, मॅडम?”

मग त्या थांबत थांबत बोलल्या. डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं. आम्हाला कळलं असतं तर आम्ही त्यांना घरी बसवलं असतं, आणि तीस न्यायाधीश तालुक्याला जाऊन पुन्हा तोच प्रश्न विचारत बसले असते. “ही बॅच निघून जाऊ दे म्हटलं,” त्या म्हणाल्या. मला बहीण सुटेपर्यंत थांबलेली सुमन आठवली आणि रडू आवरेना.

आठवड्याने त्या गेल्या. अंगणात पांढऱ्या कपड्यातली माणसं त्रिशरण म्हणत होती. ते संपल्यावर साठीची एक बाई माझ्यापाशी आली. “मी सुमन. खापरखेड्याहून.” मी हात जोडले.

“मागच्या महिन्यात आल्या होत्या माह्या घरी,” ती म्हणाली. “चहा पेल्या. बोलल्या काहीच नाही.” मग माझ्याकडे सरळ बघत तिने विचारलं, “मले काहून नाही सांगतलं त्यायनं?”

उत्तर मला ठाऊक होतं, अगदी तपशिलासकट. पण भोवती माणसं उभी होती, सगळी माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं, शब्द आला नाही.

माझा दंड धरून सुमनने मला बाजूच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

“जाऊ द्या साहेब,” ती म्हणाली. “काय झालं ते सांगा.”

मी सांगू लागलो.