आबांनी धुतलेला धागा

कोकरे सरांना मी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बारामतीच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे, मी रसायन. चहा उभ्यानं, पेपर तपासणं खिडकीला टेकून. "बसा की हो," म्हटलं तर म्हणायचे, "बसलो की डोकंही बसतं."

नव्वदच्या दशकात त्या डोक्यात कोळी शिरला. सणसरच्या घरच्या उसातून मोठे कोळी धरायचे, त्यांच्या पोटातून निघणारा धागा हलक्या हातानं ओढायचा आणि तारेच्या चौकटीवर ताणून गुंडाळायचा. त्यावर अवरक्त किरण टाकले, की कोणते शोषले जातात यावरून आतल्या रेणूंच्या साखळ्या कशा रचल्यात ते कळतं. "पोलादाला टक्कर देणारा धागा, आणि आपण केरसुणीनं काढतो!" सर तळमळायचे. यंत्र मात्र पुण्यात. तिथल्या मंडळींच्या मागे सारखं लागून त्यांनी कशीबशी एक दुपार मिळवली.

त्या सकाळी आम्ही सणसरला गेलो, तर चौकट रिकामी. सरांचे वडील, आबा, दोरीवर काहीतरी वाळत घालून हसत उभे. त्यांचा निम्मा जन्म मेंढरांमागं गेलेला.

"धुऊन ठिवलाय बघ. लोकर बी धुतल्याबिगर कातत न्हाय आपण. पुण्याच्या लोकांम्होरं मळका धागा न्यायचा व्हय?"

चौकटीवरून सुटून भिजलेला धागा पार आखडला होता. पाण्यानं साखळ्या सैल पडतात, हे सरांनीच मला सांगितलेलं. मला तर म्हाताऱ्याचा संतापच आला. सर अंगणात येरझारा घालत राहिले. मग धागा उचलून म्हणाले, "चला, एसटी चुकंल."

पुण्यात किरणांची कंपनं धाग्याच्या लांबीच्या दिशेनं ठेवली काय नि आडवी ठेवली काय, आलेखाच्या रेघा जवळजवळ सारख्याच आल्या. साखळ्या रांगेत असत्या, तर त्या वेगळ्या पडल्या असत्या. परतीची एसटी रिकामी, तरी सर दांडी धरून उभेच. उतरले ते थेट सणसरला.

आबा ओट्यावर वाट बघत होते. "माज्यामुळं बिघडलं का रं?"

सर त्यांच्याशेजारी बसले. चक्क बसले. आलेख आबांच्या मांडीवर पसरून म्हणाले, "न्हाय आबा. धुतलेला धागा असा दिसतो, हे कळलं. आता न धुतलेला दावायचा. निम्मं काम तुमीच केलं."

यंत्राची दुसरी दुपार कधीच मिळाली नाही. सरांनी पुण्याला किती खेपा घातल्या, ते मला ठाऊक आहे. आबांना त्यांनी ते कळू दिलं नाही. म्हातारा शेवटपर्यंत गावात सांगत राहिला, "निम्मा शोध माजा हाय." सर शेजारी उभे असले, की म्हणायचे, "व्हय, हाय."