डोलणारी भिंत

“काका, बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय,” प्रदर्शनाची फिल्म काढणारी मुलगी पेंटरला म्हणाली. तो दाराशी जाऊन उभा राहिला. त्या दिवशी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

घाटकोपरच्या त्या हॉलमध्ये मी झाडू मारते. प्रदर्शनातली ती काळ्या-पांढऱ्या रेघांची, डोलल्यासारखी दिसणारी भिंत त्यानेच रंगवलेली. रेघ ओढताना तो श्वास धरायचा. रेघ संपली की ब्रश बनियनला पुसायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

फिल्ममध्ये सगळ्या थरांतली माणसं हवीत म्हणे. म्हणून मुलीने मला भिंतीपुढे उभं केलं. “आजी, भिंत बघून चकित व्हा.”

“मी रोज बघते, चकित कशाला होऊ? ज्याने रंगवली त्याला हाकललंस, आणि मला नाटकं करायला सांगतेस?”

ती ओशाळली. तिनेच त्याला परत बोलावलं आणि विचारलं, “काका, ही हलते कशी?”

“रेघ सरळ असली तरच हलते. वाकडी ओढली तर नुसती वाकडी दिसते,” तो म्हणाला आणि दाखवायला ब्रश घेऊन भिंतीच्या कडेला एक रेघ ओढू लागला.

फिल्म मी पाहिली. तो त्यात रेघ पुरी करतो आणि सवयीने ब्रश इस्त्रीच्या शर्टाला पुसतो. मागे झाडू घेऊन हसतेय ती मी.