अक्कानं न घेतलेली नोकरी

मागच्या महिन्यात, सोमवारी सकाळी, अक्का गेली. फोन तिच्या एका विद्यार्थिनीनं केला. "सर, मॅडम गेल्या," एवढंच म्हणाली. माझी थोरली बहीण औरंगाबादला परिचारिकांना शिकवत असे; निवृत्तीनंतरही तिथंच, भाड्याच्या खोलीत राहिली. तिच्याविषयी लिहायला बसलो की तिनं केलेली नोकरी आठवत नाही. न घेतलेली आठवते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात अक्का नर्सिंगची परीक्षा पास होऊन उमरगा तालुक्यातल्या आमच्या गावी आली होती. आमच्या बौद्ध वस्तीची विहीर आटली होती. वरच्या आळीच्या विहिरीला पाणी होतं, पण तिथं आम्ही पोहरा टाकायचा नाही, असा रिवाज. माय घागर घेऊन कडेला उभी राहायची. कुणाच्या मनात आलं की वरून पाणी ओतायचं... कधी दुपार टळायची. अशात एकाच आठवड्यात अक्काला दोन नेमणुका आल्या. एक जवळच्या नव्या सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात. पगार बरा, राहायला क्वार्टर, क्वार्टरला नळ. माय, आबा, मी, सगळ्यांना तिथं राहता येणार होतं. दुसरी औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात. पगार कमी, राहणं वसतिगृहात, एकटीनं. पण तिथं काही वर्षं वॉर्डात काढली की पुढच्या शिक्षणाला पाठवत, आणि अक्काला परिचारिकांची शिक्षिका व्हायचं होतं. दोन्हीकडं आठ दिवसांत रुजू व्हायचं होतं.

तिसऱ्या दिवशी, अक्का दाखल्यांसाठी उमरग्याला गेलेली असताना, कारखान्याच्या कचेरीतले तात्या घरी आले. ते वरच्या आळीतले. आबांनी भीतभीत चहा विचारला, आणि तात्या हो म्हणाले. वरच्या आळीतल्या माणसानं आमच्या घरात बसून, आमच्या कपातून चहा घेण्याची ती पहिली वेळ. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पोरगी कधी पाठवता?" आबा म्हणाले, "तुमी म्हणाल तवा."

अक्का परतली आणि तिला हे कळलं.

"मला न इचारता?"

"त्यांनी आपल्या घरचा चहा घेतला, बाई. आता न्हाय कसं म्हणू?"

"चहा त्यांनी पिला, आन् नोकरी म्या करायची व्हय? तिथं काय, मजुरांची बोटं बांधायची. धा वर्सांनी बी बोटंच बांधायची."

"नळ हाय तिथं," आबा हळूच म्हणाले.

पुढचे चार दिवस माय पाणी आणायची. अक्का तांब्या हातात घेऊन नुसती बसायची.

सातव्या दिवशी सकाळी तिनं ट्रंक बाहेर काढली. आबा पाठ फिरवून बसले होते. "तात्याला तोंड कसं दाखवू, ते तरी सांगून जा," ते म्हणाले. अक्का मायकडं बघत राहिली. मायनं एक शब्द काढला असता, जा किंवा थांब, तर बरं झालं असतं... मायनं डोक्यावर चुंबळ ठेवली, घागर घेतली आणि ती विहिरीकडं निघून गेली. ट्रंक मी उचलली. एस.टी.त चढताना अक्कानं वळून पाहिलं. रस्त्यावरून विहीर दिसायची. माय कडेला उभी होती.

तात्या पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. आणखी दोन उन्हाळे माय त्या विहिरीच्या कडेला उभी राहिली. अक्का ठरवल्याप्रमाणं शिक्षिका झाली, मायला न्यायलाही आली. "इथं माझं काय अडलंय," म्हणून माय गेली नाही. ती रागावली होती की काय, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. अक्कानं ते मला एकदाच विचारलं, मायला मूठमाती देऊन परतताना.

अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती फोन करणारी मुलगी भेटली. म्हणाली, दोन ठिकाणची नेमणुकीची पत्रं आली की आम्ही सल्ल्याला मॅडमकडं जायचो. ही घे, ती सोड, असं त्यांनी कधीच सांगितलं नाही. आधी विचारायच्या, घरी पाणी कोण भरतं? "आम्हाला वाटायचं, हे काय भलतंच..."

अक्काची पुस्तकं तिच्या विद्यार्थिनी घेऊन गेल्या. खोलीची किल्ली माझ्याकडं आहे. महिनाअखेरीला ती परत द्यायची आहे.